नाव सांगण्याआधीचा आवाज

फोनवर मराठीतून बोलताना, नाव विचारले जाईपर्यंत माझे सगळे सुरळीत चालते. नाव सांगितले की पलीकडचा माणूस, मनात कसलाही वाकडेपणा नसताना, हिंदीवर येतो. मी मराठीत विचारतो, तो हिंदीत उत्तर देतो. 'सॉरी टू बॉदर यू' हा अमेरिकन चित्रपट पाहताना मला हे फोन सारखे आठवत राहिले.

दिग्दर्शक बूट्स रायली हा मुळात रॅप गाणारा, उघडपणे कम्युनिस्ट असलेला कृष्णवर्णीय कलावंत. 2018 सालचा हा त्याचा पहिलाच चित्रपट. नायक कॅशियस ग्रीन ओकलंड शहरात नातेवाइकाच्या गॅरेजमध्ये राहतो, भाडे थकलेले असते. त्याला फोनवरून माल विकण्याची नोकरी लागते. जेवढी विक्री, तेवढे कमिशन. फोन लागला की तो टेबलासकट गिऱ्हाइकाच्या घरात धाडकन कोसळतो. आपण हसतो, पण नको त्या वेळी दुसऱ्याच्या घरात घुसण्याची लाज याहून नेमकी दाखवता आली नसती. शेजारचा म्हातारा लँगस्टन त्याला कानमंत्र देतो : 'गोरा आवाज' काढ. हा आवाज हेल बदलून किंवा नाकात बोलून येत नाही. ज्याची सगळी बिले भरलेली आहेत, ज्याला नोकरी जाण्याची धास्ती नाही, अशा माणसाचा तो आवाज. तो गोऱ्यांचाही खरा आवाज नसतो; आपण असे बोलावे अशी त्यांची नुसती इच्छा असते. कॅशियस तोंड उघडतो आणि खरोखरच दुसऱ्या, गोऱ्या नटाचा आवाज बाहेर पडतो. विक्री धडाक्यात सुरू होते.

आपल्या बाबतीत मात्र हे गणित उलटे आहे. कॅशियसचा आवाज उसना, पण फोनवर चेहरा दिसत नाही म्हणून तो खपतो. आपली मराठी उसनी नाही. घरात दखनी, शाळेत उर्दू आणि वेळापूरच्या बाजारात मराठी, असेच आम्ही वाढलो. तरी नाव कळताच ती मराठी खपेनाशी होते, किंवा 'तुम्ही मराठी छान बोलता' अशी शाबासकी मिळते. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते माझ्या जन्माच्या आसपास. ही भाषा आमचीही आहे हे तेव्हा सांगावे लागले आणि अजून फोनवर सांगावे लागते.

चित्रपटात एक मेजवानी आहे. कंपनीचा मालक स्टीव्ह लिफ्ट आणि त्याचे गोरे पाहुणे कॅशियसला रॅप म्हणायचा आग्रह करतात. तो काळा आहे, म्हणजे त्याला रॅप येणारच! त्याला येत नाही. शेवटी तो काहीतरी एकच अर्वाच्य ओरडत राहतो आणि सगळे खूश होऊन साथ देतात. मला शिक्षकांच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी होणारा आग्रह आठवला : 'सर, एखादी शायरी होऊन जाऊ द्या!' मला गणित शिकवायला आवडते. शायरी पाठ होत नाही.

आपल्याकडे काम, अल्पसंख्याक आणि भांडवल यांचा गुंता सिनेमात कोणी हाताळला असेल तर तो सईद मिर्झांनी. 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' (1980) मधला ख्रिश्चन मेकॅनिक श्रीमंत गिऱ्हाइकांच्या गाड्या चालवतो, स्वतःला त्यांच्यातलाच समजतो आणि संपकऱ्यांवर चिडतो. गिरणीत राबणाऱ्या बापाला भाडोत्री गुंडांनी मारल्यावर त्याचा राग दिशा बदलतो. अल्बर्टचा गोरा आवाज म्हणजे त्या दुसऱ्याच्या गाड्या. 'सलीम लंगडे पे मत रो' (1989) मधला, उर्दू मजकुराची प्रुफे तपासणारा गरीब अस्लम तर मला आमच्याच स्टाफरूममधला वाटतो. मिर्झा वास्तवाची चौकट सोडत नाहीत. रायली सोडतो, आणि तिथेच मी पहिल्यांदा पाहताना मोबाईल बंद केला होता.

कारण उत्तरार्धात घोडे येतात. लिफ्टच्या कंपनीत माणसे जन्मभराचा करार करतात : काम, जेवण आणि झोपायला खाट. त्यावरही समाधान न होऊन लिफ्ट कामगारांना औषध देऊन अर्धे घोडे बनवतो, म्हणजे ताकद वाढेल. मला हे अती वाटले. दिवाळीनंतर अकलूज रस्त्यावर उसाच्या गाड्या सुरू झाल्या, बीडकडच्या टोळ्यांच्या कोप्या पडल्या, तेव्हा मी राहिलेला भाग पाहिला. आमच्या भागात ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. दोन माणसे मिळून एक हत्यार. मुकादम कोयत्यावर उचल देतो, उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते, खाडा झाला तर दंड. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. शासनाच्या समितीच्या पाहणीत 82 हजारांवर बायांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कामासाठी शरीर बदलण्याची कल्पना मला अतिरंजित वाटली होती, ती साखर पिकवणाऱ्या तालुक्यात बसून!

रायलीचे सर्वांत कडू दृश्य याच्या पुढचे आहे. कॅशियस टीव्हीवर जाऊन घोड्यांचे सत्य उघड करतो. लोक खवळत नाहीत. कंपनीच्या शेअरचा भाव वाढतो. कोयत्यांच्या बातमीनंतरही टोळ्या आल्याच. तीच उचल, तोच मुकादम.

एक उणीव नोंदवली पाहिजे. नायकाची प्रेयसी डेट्रॉइट कलावंत आहे, बंडखोर आहे. पण स्वतःच्या प्रदर्शनात तीही ब्रिटिश गोऱ्या आवाजात बोलते. इथे एक मोठा प्रश्न होता : विरोध करणाऱ्या कलावंतालाही उसना आवाज का लागतो? रायली तो विचारतो आणि घाईने पुढे जातो. आपल्या अंकांतून लिहिणाऱ्यांना तो टाळता येणार नाही. प्रमाण मराठीत लिहिलेला हा लेख आईला वाचून दाखवताना मी तो दखनीत सांगितला. घोड्यांपाशी ती हसली, कोयत्यापाशी गप्प झाली.