पाकशास्त्राचें पहिलें प्रकरण

पाकशास्त्रावरील मराठी ग्रंथांची संख्या आतां इतकी वाढली आहे कीं, टीकाकारांनीं त्यांचा स्वतंत्र विचार करावयास हवा. काव्य आणि कादंबरी यांविषयीं आपण हिरिरीनें वाद घालतों. परंतु ज्या पुस्तकाच्या पानांवर हळदीचे डाग पडतात आणि जें आईकडून मुलीकडे जातें, त्याच्या गुणदोषांची चर्चा मासिकांतून क्वचितच होते. अशा ग्रंथांत कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'चें स्थान अग्रभागीं आहे. सन १९७० मध्यें प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ अद्यापि लग्न झालेल्या मुलींना आवर्जून भेट दिला जातो. त्याच्या निमित्तानें एका उणिवेकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असा आमचा विचार आहे. ही उणीव एकट्या 'रुचिरा'ची नव्हे. ती या सबंध वाङ्मयप्रकाराचीच आहे.

प्रथम गुण सांगणें न्याय्य होईल. कमलाबाईंचें माहेर कुंडलचें आणि सासर सांगलीचें. शाळेपेक्षां घरांतल्या अनुभवानेंच त्यांना अधिक शिकविलें, आणि त्या अनुभवाची खूण पानोपानीं दिसते. तोळे आणि ग्रॅम यांच्या जंजाळांत न शिरतां त्यांनीं वाटी आणि चमचा हींच मापें प्रमाण मानलीं. ज्या घरांत तागडी नाहीं त्या घरांतही वाटी असते, हें ओळखण्यांत खरी शास्त्रीय दृष्टि आहे. भाषा साधी, वाक्यें आटोपशीर. दूरदेशीं संसार मांडणाऱ्या नवख्या मुलीजवळ हें पुस्तक सासूच्या जागीं उभें राहिलें, याहून मोठी प्रशस्ति कोणती?

परंतु वाटीनें प्रमाण कळतें, प्रत कळत नाहीं. 'पाव किलो वांगीं' हे शब्द छापतां येतात. तीं वांगीं कसलीं असावींत, याविषयीं पाककृति बहुधा मौन धरते. जून वांग्यांत कितीही उत्तम मसाला भरला तरी बी दातांखालीं यावयाचेंच; आणि दोष मात्र करणारीच्या माथीं येतो. आपले पाकग्रंथ सामान्यतः चुलीपाशीं सुरू होतात. स्वयंपाक मात्र त्यापूर्वींच मंडईत सुरू झालेला असतो. आमच्या पूर्वजांना ही गोष्ट अज्ञात नव्हती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रघुनाथ गणेश नवहस्त यांनीं रचलेल्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथांत धान्यें, शाकें, फळें यांच्या गुणदोषांचा विस्तारानें विचार केलेला आहे. ती दृष्टि वैद्यकाची आहे हें खरें. तरी पदार्थाआधीं द्रव्याची पारख, हा क्रम त्यांत स्पष्ट आहे. पुढें तो सुटला.

हें सुटलेलें प्रकरण पाहावयाचें असेल तर 'रुचिरा'कर्तीच्या सांगलींतच जावें. हिंवाळ्यांत तेथील मंडईत कृष्णाकाठचीं वांगीं पाट्या भरभरून येतात. जाणती बाई वांगें आधीं हातावर तोलते. आकाराच्या मानानें हलकें तें घ्यावें. जड तें बहुधा बियांनीं भरलेलें. मग ती देंठ पाहते. तो हिरवागार आणि त्याचे कांटे बोटाला बोचणारे असले म्हणजे माल ताजा. भेंडीचें टोंक मोडतांच कट् असा आवाज झाला पाहिजे. नुसतें वाकलें तर ती जून. गवारीचीही परीक्षा हीच. मटाराची गोष्ट याहून नाजूक आहे. शेंग तोडल्यापासून तिच्या दाण्यांतील साखरेचें पिष्टांत रूपांतर होऊं लागतें, म्हणून आजचा मटार गोड लागतो आणि परवांचा पिठूळ. यामागील रसायनशास्त्र महाविद्यालयांत शिकवितात. निष्कर्ष मात्र भाजीवालीला प्रयोगशाळेवांचून ठाऊक असतो. खरेदीच्या क्रमालाही शास्त्र आहे. बटाटे-कांदे आधीं घेऊन पिशवीच्या तळाशीं घालावे, पालेभाजी आणि टोमॅटो शेवटीं. निवड हवी असेल तर सकाळीं जावें. स्वस्ताई हवी असेल तर दिवेलागणीला.

सातारा आणि सांगली हा मुलूख एके काळीं एकाच जिल्ह्यांत मोडत असे. सन १९४९ मध्यें दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें. सरकारी सीमा पडली. बाजारची बोली मात्र एकच राहिली. दोन्हीकडे भाजीपाल्याला माळवें म्हणतात आणि मेथीची जुडी नसते, पेंडी असते. मात्र साताऱ्याकडे पाटींतला माल बदलतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्यें आणि कोरेगांव भागांतील वाघ्या घेवड्याला २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें गांवाचें नांव सुरक्षित झालें, तरी ग्राहकाची जबाबदारी संपली नाहीं. देंठापाशीं पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी घरीं ठेवून गोड होईल ही आशा व्यर्थ आहे. आंब्याप्रमाणें तें फळ तोडल्यावर पिकत नाहीं. घेवडा फार जुना असला तर रात्रभर भिजवूनही लवकर शिजत नाहीं. मानांकनाच्या चिठ्ठीवर या गोष्टी लिहिलेल्या नसतात.

या ज्ञानाचा एक भाग संभाषणांत असतो. "मावशी, मेथी कशी दिली?" या प्रश्नांत भाव विचारला जातो, तसा विश्वासही. नेहमींची भाजीवाली एखादे दिवशीं आपण होऊन म्हणते, "ताई, आज पालक नेऊं नका, कालचा आहे." हें वाक्य कोणत्याही छापील किंमतीच्या चिठ्ठीवर मिळणार नाहीं, आणि एका पेंडीमागें दोन रुपये सोडविण्याचा पराक्रम रोज करणाऱ्यालाही तें ऐकावयास मिळत नाहीं. शेराचें माप कायद्यानें केव्हांच गेलें, तरी मंडईत 'पावशेर मिरची' अजून ऐकूं येते. पहिल्या विक्रीला भवानी म्हणून कपाळीं लावण्याची चालही टिकून आहे. बाजार ही केवळ देवघेव नव्हे, ती एक सभ्यता आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां चिरलेली भाजी वेष्टनांत मिळते, दूरध्वनीवरून मागवितां येते, आणि नोकरी सांभाळणाऱ्या स्त्रियांना वांगीं तोलीत बसण्यास सवड नाहीं. हा आक्षेप खरा आहे. ज्या पुरुषवर्गानें पिशवी क्वचितच हातीं धरली, त्यानें तर या बाबतींत उपदेश करूंच नये. परंतु आमचें म्हणणें स्त्रियांविषयीं नाहीं, ग्रंथांविषयीं आहे. पूर्वीं आईचें बोट धरून मंडईत जाणाऱ्या मुलांना ही विद्या आपोआप येई. म्हणून ती पुस्तकांत नसली तरी चालत असे. ती शाळा आतां ओस पडूं लागली आहे. एका पिढीच्या बोटांत असलेली पारख त्या पिढीबरोबर गेली, तर ती कोणत्याही यंत्रांतून परत यावयाची नाहीं. तोंडी परंपरा क्षीण झाली म्हणजे लिखित परंपरेचें कर्तव्य वाढतें. 'रुचिरा'चें यशही याच कारणानें झालें. घरांत शिकविणारें माणूस नसेल तेथें तें पुस्तक उपयोगी पडलें.

म्हणून पुढें जो कोणी मराठींत पाकशास्त्र लिहील, त्यानें वाटी-चमच्याच्या कोष्टकाआधीं एक प्रकरण घालावें. कोणत्या महिन्यांत काय घ्यावें, ताजें कसें ओळखावें, कोणती भाजी किती दिवस टिकते, आणि विकणाऱ्याशीं कसें बोलावें, एवढें त्यांत आलें तरी पुरे. भोगीच्या मिसळीच्या भाजीला लागणारीं वांगीं, घेवडा, पावटा, हरभरे आणि गाजरें एका फेरींत पारखून आणतां येणें, ही त्या प्रकरणाची परीक्षा समजावी. 'रुचिरा'नें सासूचें काम केलें. मंडईत बोट धरून नेणाऱ्या आईचें काम करणारें पुस्तक मराठींत अजून यावयाचें आहे.