भुज्यूची नौका

लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या ध्रुवनिवासावरील इंग्रजी ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. आजचे बहुतेक संशोधक त्यातील सिद्धान्त मानीत नाहीत; आमचा आक्षेप मात्र निराळा आहे. तुग्राने समुद्रात सोडलेल्या भुज्यूला अश्विनीकुमार शंभर वल्ह्यांच्या नौकेतून घरी आणतात, ही ऋग्वेदातील कथा. टिळकांना तीत क्षितिजाखाली बुडालेला सूर्य दिसतो. युक्तिवाद चतुर खरा. पण त्यात नौकाच बुडते. ध्रुवसमुद्र म्हणजे केवळ दीर्घ रात्र नव्हे. नान्सेनचे ‘फ्राम’ जहाज १८९३ पासून जवळजवळ तीन वर्षे तेथील बर्फात अडकले होते. जुहूच्या कोळीवाड्यात ही कथा सांगितली, तर श्रोत्यांस सूर्य नव्हे, दर्यावरून न परतलेला माणूसच आठवेल. त्या भयास जागा न देणारा अर्थ आम्हांस अपुरा वाटतो.