उंबऱ्याच्या आतला हर्बर्ट, बाहेरचा चोखा

बी.ए.ला असताना अकोल्याच्या कॉलेजात आम्हाला जॉर्ज हर्बर्ट होता. शिकवणारे सर चांगले होते, मन लावून शिकवायचे. इंग्रजीतली भक्तीची कविता समजावताना एक दिवस त्यांनी फळ्यावर दोन नावे लिहिली. हर्बर्ट आणि चोखामेळा. म्हणाले, दोघांचे दैन्य एकच. दोघेही म्हणतात, देवा, मी तुझ्या लायकीचा नाही. भक्ताला जात नसते, देश नसतो. वर्गाने लिहून घेतले. मीही लिहून घेतले, परीक्षेत तेच लिहिले आणि मार्क घेतले. ते उत्तर आज मागे घेतो आहे.

हर्बर्ट (१५९३–१६३३) बड्या घराण्यातला. केंब्रिज विद्यापीठाचा वक्ता, काही काळ पार्लमेंटात, शेवटची तीन वर्षे बेमर्टन नावाच्या खेड्यात धर्मोपदेशक. मानमरातब सोडून खेड्यात गेला. माणूस खोटा नव्हता. त्याचा 'द टेम्पल' हा संग्रह तो वारल्यावर १६३३ सालीच निघाला. नावच देऊळ, आणि बांधणीही देवळाची. आधी ओसरी, मग चौकटीवर कोरावा तसा मजकूर, तो ओलांडला की आत वेदी. वाचणारा पानापानाने आत सरकतो. 'चर्च' या मुख्य भागाची शेवटची कविता प्रेमावर आहे. तिथे प्रेम हाच यजमान. पाहुणा दारात थबकतो. अंगावर धूळ, मनात पाप. आपण बसण्याच्या लायकीचे नाही, फार तर सेवा करू, असे म्हणतो. यजमान हात धरतो, बसवतो, जेवू घालतो. कविता थोर आहे. थोर कवितेला थोर म्हणायला आपण कचरायचे कारण नाही.

त्या सुट्टीत तेल्हाऱ्याला आलो आणि ही कविता आमच्या बुढ्याला, म्हणजे आजोबाला, वऱ्हाडीत सांगितली. बुढा छप्पन सालाच्या आधी भजनात चोखोबा म्हणायचा. धम्म घेतला, घरचे देव विहिरीत गेले, त्यांच्यामागे टाळही गेले. बुढ्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले,

"त्याले आत घेतलं काय?"

"घेतलं."

"जेवू घातलं? बसवून?"

"हो."

"मंग थो कायले भेत होता बाबू? दार तं उघडंच होतं!"

सरांच्या तासाला जे निसटले ते बुढ्याने धरले. हर्बर्टचा पाहुणा थांबतो तो स्वतःच्या मनापाशी. चोखोबाला थांबवणारे हात दुसऱ्याचे होते. एकाची धूळ उपमा आहे, दुसऱ्याची गावकुसाची. चोखोबा आपल्याच वऱ्हाडातला, बुलढाण्याकडच्या मेहुणाराजाचा, असे परंपरा सांगते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून तो १३३८ साली मेला. समाधी पंढरपूरला, महाद्वारापुढे, नामदेव पायरीपाशी. म्हणजे मेल्यावरही बाहेर. ते दार आपल्यासाठी उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मधली वर्षे ६०९. हर्बर्टच्या पुस्तकात ओसरी पहिल्याच पानांत ओलांडून होते. चोख्याचे सगळे काव्य ओसरीवरच लिहिले गेले. दोघांच्या तोंडी 'मी नालायक' हे एकच वाक्य असेल. पण एकाने ते स्वतः उचलले, दुसऱ्याच्या डोक्यावर गावाने ठेवले.

कुणी म्हणेल, चोखोबा स्वतःही तसेच मानत होता. मागल्या जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून हा जन्म आला, असा अभंग त्याच्या नावावर आहेच. आहे. लपवायचे कशाला? तो वाचताना मला हर्बर्ट आठवत नाही, फिलिस व्हीटली आठवते. आफ्रिकेतून धरून आणलेली पोर, १७६१ साली बोस्टनच्या बाजारात विकली गेली. ज्या जहाजातून आणली त्या जहाजाचेच नाव तिला दिले. १७७३ साली लंडनला तिचा संग्रह निघाला. त्यातली एक आठ ओळींची कविता सांगते की देवाच्या दयेनेच मला माझ्या अंधाऱ्या मुलुखातून इकडे आणले. गुलामांचे जहाज म्हणजे देवाची दया! महारकी म्हणजे पूर्वजन्मीचे फळ! ज्याला मारले त्याच्याच तोंडून माराचे कारण वदवून घ्यायचे, हे काम धर्माने दोन्हीकडे चोख केले.

पण तीच कविता शेवटाला वळते आणि ख्रिस्ती लोकांना बजावते की काळा माणूसही शुद्ध होऊन देवाघरी जाऊ शकतो. तिथे तिने जो शब्द योजला त्यात साखर गाळण्याचा अर्थ ऐकू येतो, असे काही अभ्यासक म्हणतात. साखर गुलामांच्या घामाची. आणि आपल्या चोख्याचा उसाचा अभंग कुणाला ठाऊक नाही? वरचे रूप वाकडे म्हणून आतली गोडी वाकडी होत नाही. चारशे वर्षांहून जास्त अंतर, मधे समुद्र, आणि दोघांच्या हाती ऊसच. आणखी एक. व्हीटलीच्या पुस्तकात बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांचे प्रमाणपत्र छापले आहे, की या कविता हिच्याच. इकडे परंपरा सांगते, चोखोबाचे अभंग अनंतभट्ट उतरून घेई. शब्द आमचा, सही त्यांची.

१९६०-७० च्या काळात काळ्या लेखकांनी व्हीटलीला झिडकारले. फार देवभोळी, फार मालकधार्जिणी म्हणाले. नंतर तिला पुन्हा वाचायला घेतले. आपणही चोखोबाला विहिरीत टाकले, आणि त्या वेळी ते बरोबरच होते असे मी म्हणतो. देव टाकल्याशिवाय माणूस उभा राहत नव्हता. पण बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हे १९४८ चे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केले आहे, हेही विसरू नये. हात न जोडता चोखोबा वाचता येतो. तो कुठे उभा राहून बोलतो आहे ते आधी पाहावे, काय बोलतो ते नंतर.

आणि वाचायचेच तर त्याच्या पोराला आधी. कर्ममेळा बापासारखा पूर्वजन्माकडे पळत नाही. आमची जात हीन केलीस, उष्टे खाण्यात जन्म घालवलास, तुला लाज कशी नाही, असे देवाला तोंडावर विचारतो. कॉलेजात हर्बर्टशेजारी फळ्यावर त्याचे नाव कुणी लिहिले नाही. त्या यजमानाला असा पाहुणा कधी भेटलाच नव्हता.

बुढ्याच्या पेटीत जुन्या गाथेची सुटी पाने निघाली आहेत, वाळवीने खाल्लेली. कर्ममेळ्याचे थोडेच अभंग त्यात वाचता येतात. तेल्हारा, आकोट, हिवरखेडकडे कुणाच्या घरी धड प्रत असेल तर घेऊन यावी. उतरवून घेऊ, प्रत परत देऊ.