गादीवरची गादी

पुस्तक वाचता वाचता झोप लागली तरी त्याचे परीक्षण लिहिता येते. गादीचे तसे नाही. तिच्यावर प्रामाणिकपणे झोपल्याशिवाय मत देता येत नाही. आम्ही पाच महिने झोपलो, म्हणून हे धाडस.

निमित्त आईच्या कमरेचे. वडनेर भोलजीच्या घरातली वडिलांच्या वेळची कापसाची गादी गाठी धरून दगड झाली होती. ते ऐकून पुण्याच्या मेहुण्यांनी दोन 'टॉपर' पाठवले, एक आईला, एक आम्हाला. टॉपर म्हणजे बोर्डात पहिला आलेला मुलगा, अशी आमची समजूत. हा निघाला गादीवर पसरायचा दोन इंची फोम!

फोमही साधासुधा नव्हे, 'मेमरी'वाला. १९६६ साली अमेरिकेच्या 'नासा'साठी, विमानातल्या आसनांकरिता, याचा शोध लागला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि जिथे भार जास्त तिथे दबतो. जानेवारीत आई सकाळपर्यंत गाढ झोपली. आम्ही मेहुण्यांना मनोमन नमस्कार केला.

मग एप्रिल आला. आमच्याकडे दिवसा चाळिशी ओलांडलेला पारा रात्रीही पुरता उतरत नाही आणि भिंती तव्यासारख्या राहतात. अशा वेळी अंगातली उष्णता जायला घाम वाळणे हाच मोठा रस्ता. उबेने फोम आणखी मऊ, अंग आणखी आत, वारा बंद, घाम तसाच! जेल घातलेला फोम थंड लागतो म्हणतात. पण तोही अंगाइतका तापेपर्यंतच. मध्यरात्री सौ. म्हणाली, "हा सगळं लक्षात ठेवतो म्हणता, मग उन्हाळा कसा विसरला?"

गादी भरणाऱ्या चाचांना विचारले. ते म्हणाले, "भाऊ, कापूस पिकोता अन् फोमवर निजता काहून?" टोला बिनतोड होता. पण टीकाकाराने निःपक्षपाती असावे. कापूस घाम शोषतो हे खरे. मात्र त्याला ऊन दाखवावे लागते, काही वर्षांनी पिंजून घ्यावे लागते. आम्ही ते दोन्ही टाळले होते. गादी दगड झाली, त्यात कापसाचा दोष थोडा, आमचा जास्त.

तेव्हा निकाल असा: दुखऱ्या कमरेला थंडीत फोम, उन्हाळ्यात तो गुंडाळून माळ्यावर, आणि खाली नव्याने पिंजलेली पातळ गादी.

हा निकाल आईला ऐकवायला गेलो, तर ती अंगणात, नवारीच्या बाजेवर. खाली गादी नाही, जुन्या लुगड्यांची एक गोधडी तेवढी.

"कंबर दुखंन ना, आई!"

"नवार कालच ताणून घेतली. अन् बाजीले खालून वारा लागते, बाप्पा. तुह्या टॉपरले लागते का?"

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांचा फोन. "काय, टॉपर कसा आहे?"

म्हटले, "हिवाळी परीक्षेत प्रथम श्रेणी. उन्हाळी परीक्षेत नापास."