न दिसलेला हिमबिबट्या

सुटीत चार दिवस डोंगरावर राहून आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो हा : “काय काय दिसलं?” वाघ म्हटले की सहल सार्थकी लागली, नुसते भेकर किंवा शेकरू म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. असा प्रश्न विचारणाऱ्या रसिकाने पीटर मॅथिसन या अमेरिकन लेखकाचे ‘द स्नो लेपर्ड’ हे पुस्तक अवश्य वाचावे. १९७८ साली निघालेल्या या पुस्तकाचे नाव हिमबिबट्याचे. आणि सबंध पुस्तकात हिमबिबट्या लेखकाला एकदाही दिसत नाही!

१९७३ च्या शरदात मॅथिसन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्याबरोबर नेपाळातील डोल्पो या दुर्गम मुलखात गेले. शॅलर आपल्याला परके नाहीत; कान्हाच्या रानातील हरणे आणि वाघ यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १९६७ सालचा. या खेपेस त्यांना भरल पाहायचे होते. हा प्राणी मेंढ्यांतला की बकऱ्यांतला, हा जुना वाद. माजाच्या दिवसांतील त्याची वागणूक पाहून तो सोडवायचा होता. शॅलर यांचा कौल पुढे बकऱ्याच्या बाजूने पडला. शे गोंपा या मठाच्या परिसरात लामांनी शिकार वर्ज्य केली होती. त्यामुळे तेथे भरलांचे कळप टिकून राहिले होते.

पुस्तकातील सर्वांत सुंदर पाने या कळपांची आहेत. माणूस थंडीत तासन् तास बसून राहतो, समोरच्या उतारावर जनावरे चरतात, झुंजतात. बस्स, एवढेच घडते. पण रोजनिशीच्या साध्या नोंदींतून त्या शांततेचा असा प्रत्यय येतो, की वाचणाऱ्याचाही श्वास संथ व्हावा. हिमबिबट्या मात्र भेटतो तो वाटेवर उमटलेल्या पंजांत. तो इथे आहे, कदाचित आपल्याला पाहतही असेल, एवढ्या जाणिवेने सारा डोंगर जिवंत होतो. दिसणे आणि असणे यांतला हा भेद इतक्या सहजतेने क्वचितच कोणी सांगितला असेल.

तरीही एक गोष्ट मनाला टोचत राहते. १९७२ च्या प्रारंभी मॅथिसन यांची पत्नी कर्करोगाने गेली होती, आणि आठ वर्षांच्या मुलाला मागे ठेवून ते या यात्रेला निघाले होते. थँक्सगिव्हिंग हा अमेरिकन घरांतला सर्वांनी एकत्र जेवण्याचा सण. आई नसलेल्या त्या घरी नोव्हेंबरात तो आला, तेव्हा बाप हिमालयातच होता. मॅथिसन हे लपवीत नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण ते झेन पंथाचे साधक. आणि ज्या ज्या ठिकाणी ‘आहे ते स्वीकारावे’ हे तत्त्व वेदनेवर पांघरूण घालू लागते, तेथे तेथे आम्हांला लेखकापेक्षा ते पोर अधिक आठवते. एकाच्या एकांताचे मोल दुसऱ्याने वाट पाहून द्यायचे काय? पुस्तक या प्रश्नाचे उत्तर देत नाही. उत्तर दिले असते तर ते इतके खरे वाटले नसते.

डोल्पोच्या बर्फात आठ वर्षांचे मूल नेणे शक्य नव्हते, हे उघड आहे. भीमाशंकरला मात्र ते नेता येते. झाडाच्या शेंड्याजवळ काटक्यापानांचा गोल दिसला, की ते शेकरूचे घरटे हे त्याला एकदा दाखवावे, आणि खाली स्वस्थ बसावे. शेकरू कदाचित बाहेर येईल, कदाचित येणारही नाही. मूल वर पाहत राहील. घरी परतल्यावर कोणी “काय दिसलं?” असे विचारले, तर उत्तर आपण देऊ नये, त्याला देऊ द्यावे.