विद्या, वित्त आणि मत

गरीब मतदार गरिबांच्या पक्षापासून दूर का जातो? तोमा पिकेती या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाच्या ‘कॅपिटल अँड आयडिऑलॉजी’ (फ्रेंच, २०१९, इंग्रजी, २०२०) या हजारांहून अधिक पानांच्या ग्रंथाचा अखेरचा भाग या प्रश्नाभोवती फिरतो.

ग्रंथकाराचे उत्तर मननीय आहे. १९५० ते १९७० या काळात फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील अल्पशिक्षित, अल्प मिळकतीचे लोक डाव्या पक्षांस, अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षास, मते देत. पुढील अर्धशतकात पदवीधर त्या पक्षांकडे वळले. धनिक बहुतांशी उजव्यांकडेच राहिले. विद्यावंत एका बाजूस, वित्तवंत दुसऱ्या. श्रमिकास मात्र घर उरले नाही. फ्रान्समध्ये तर पुष्कळ श्रमिकांनी मतदानच सोडले. या दोन गटांस पिकेती ‘ब्राह्मण डावे’ आणि ‘व्यापारी उजवे’ म्हणतो.

येथे भारतीय वाचक थबकल्यावाचून राहत नाही. रूपक चटकदार खरे; परंतु पदवी मिळविता येते, ब्राह्मण्य जन्मानेच येते. जो भेद आमच्या समाजाचे मर्म आहे, तोच या रूपकात पुसला जातो. याची साक्ष खुद्द पिकेतीच देतो. अभिजित बॅनर्जी व आमोरी गेथिन यांच्यासह त्याने १९६२ ते २०१४ या काळातील भारतीय मतदान तपासले. जात हिशेबात धरली, की शिक्षण, मिळकत व व्यवसाय यांचा मतावरील प्रभाव अल्पच उरतो, असा त्यांचा निष्कर्ष २०१९ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला.

यावरून आमचा मतदार आर्थिक हितापेक्षा जातिधर्माच्या ओढीने मत देतो, असे हे अभ्यासक सुचवितात. आम्हांस हे अनुमान उतावळे वाटते. जमीन कोणाची, शाळा कोणाला, हे जिथे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरविले, तिथे जातीचे मत पोटाच्या प्रश्नापासून वेगळे कसे काढावे? रयतेच्या घामातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे मांडली होती. फ्रान्समधील शिक्षणखर्चाच्या विषमतेवर पिकेतीने लिहिलेली पाने वाचताना त्याच तक्रारीचे स्मरण होते. ग्रंथाचे खरे बळ तेथे आहे, रूपकात नाही.

ज्याच्या पैशाने शाळा चालते त्याचेच मूल शाळेबाहेर राहिले, तर त्याच्या मताला अज्ञान म्हणण्याचा अधिकार विद्यावंतांस उरत नाही.