आल्बर्टस : शिळेवरचे अक्षर आणि प्रार्थनेचे अक्षर

गेल्या मृत भाविकांच्या दिनी, २ नोव्हेंबर रोजी, बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत वाचण्यासाठी एक प्रार्थनापुस्तिका छापून घेतली होती. मुखपृष्ठावर चर्चचे नाव इंग्रजीत, आल्बर्टस या अक्षरात होते. ते इतके शोभले की छापणाऱ्याने हौसेने आतील मराठी प्रार्थनाही तशाच, टोकांशी रुंदावत जाणाऱ्या अक्षरांत जुळवल्या. दुसऱ्याच स्तोत्राला वडीलधाऱ्यांचे आवाज अडखळू लागले. छपाईपूर्वी नमुना आम्हीच पाहिला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

अक्षर मात्र कुलवंत आहे. त्याचे कर्ते बर्थोल्ड वोल्पे हे जर्मन ज्यू कारागीर. ब्राँझवर अक्षर खोदण्याऐवजी ते भोवतालचा धातू काढून टाकीत, म्हणजे अक्षर उठून वर राही. हत्यार बाहेरच्या अंगाने फिरल्यामुळे वळण साधे आणि ठसठशीत उतरे. हे काम पाहून मोनोटाइप कंपनीचे सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन (हे स्वतः कॅथलिक धर्म स्वीकारलेले गृहस्थ) यांनी १९३२ मध्ये त्यांना छपाईचे अक्षर करावयास सांगितले. हिटलरच्या राजवटीमुळे वोल्पे यांना १९३५ मध्ये मायदेश सोडून इंग्लंड गाठावे लागले. अक्षराला नाव मिळाले ते तेराव्या शतकातील डॉमिनिकन पंडित संत आल्बर्ट महान यांचे, ज्यांना पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये संतपद दिले होते.

या अक्षराच्या दांडीला स्वतंत्र पाय जोडलेला नाही; दांडीच टोकाकडे हळूहळू रुंद होते. त्यामुळे मोठ्या आकारात ते ऐसपैस आणि गंभीर दिसते. लंडन शहराच्या जुन्या भागातील रस्त्यांच्या पाट्यांवर आणि फेबर प्रकाशनाच्या असंख्य मुखपृष्ठांवर ते शोभले, कारण तेथे वाचावयाचे शब्द चारदोनच. समाधीशिळेवरील नावासाठी आम्ही आजही तेच सुचवू. पानभर मजकुरात मात्र प्रत्येक शब्द शीर्षकाच्या थाटात उभा राहतो आणि डोळ्याला विसावा मिळत नाही.

देवनागरीची अडचण याहून खोल आहे. आपल्या अक्षराचा जाड-बारीकपणा तिरप्या कापलेल्या बोरूतून आला आहे, आणि तो काप रोमन लेखणीच्या उलट दिशेचा. आपले अक्षर शिरोरेघेला लोंबते, पायावर उभे राहत नाही. त्याच्या काना-दांडीला खाली फुगीर पाय दिला की उकार आणि जोडाक्षरे यांची गर्दी होते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची अक्षरे पाहावीत : पोटातली जागा मोकळी, रेघ भरदार, टोकाला कसलाही डौल नाही. बारीक टाइपातले संस्कृत ग्रंथही त्यात वाचता आले.

यंदाच्या पुस्तिकेत मुखपृष्ठावर आल्बर्टस राहील. आतील प्रार्थना बोरूच्या वळणाच्या साध्या अक्षरात, चौदा पॉइंटांत छापावयाच्या आहेत. आणि या वेळी नमुना आम्ही पाहण्याआधी वडीलधाऱ्यांच्या हाती दिला जाईल.